प्रतींचा मेळ

आज आपणांपुढें जो विषय मांडावयाचा आहे तो प्रथमदर्शनीं यंत्रशाळेंतला वाटेल. पण थोडा विचार केला तर तो प्रत्येक सुशिक्षित घरांतला आहे असें आढळून येईल. एकच दप्तर दोन, तीन किंवा अधिक संगणकांवर ठेवावयाचें, त्या सर्व ठिकाणीं त्यावर काम चालूं द्यावयाचें, आणि तरीहि त्या प्रती एकमेकींशीं जुळत्या राखावयाच्या, हा तो विषय. इंग्रजींत ह्याला ‘सिंक्रोनायझेशन’ असें लांबलचक नांव आहे. आपण त्याला प्रतींचा मेळ म्हणूं.

रत्नागिरीकरांना ह्या मेळाची गरज इतरांहून कांकणभर अधिकच आहे. आपल्या जिल्ह्यांत असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्याचीं सगळीं माणसें गांवांतच आहेत. घर येथें, मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला आणि एखादा पुतण्या थेट अमेरिकेंत, ही आपल्याकडची नेहमींची विभागणी. पूर्वीं माणसें पांगलीं तरी कागद माजघरांतल्या पेटींत एकत्र असत. आतां कागदहि पांगले. जमिनीचे उतारे, वांटणीपत्रें, जुने फोटो, आजोबांचीं पत्रें ह्यांचीं चित्रें कोणी फोनवर काढतो, कोणी संगणकावर सांठवितो. आणि दोन वर्षांनीं कोणती प्रत पुरी व कोणती अपुरी हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

बोलण्याला आधार म्हणून एक उदाहरण घेऊं. कोंकणांतल्या पुष्कळ घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केलेले आहेत. समजा, अशा एका घराण्यानें कुलवृत्ताची नवी आवृत्ति काढावयाचें ठरविलें. रत्नागिरीचे काका, पुण्याची पुतणी आणि अमेरिकेंतले एक चुलतबंधु असे तिघे कामाला लागले. तिघांच्या संगणकांवर तेंच दप्तर आहे, आणि तिघेहि त्यांत रोज कांहीं भर घालीत आहेत. ह्या तिघांना आपण भाषणभर बरोबर ठेवूं.

एकाहून अधिक प्रती कां हव्यात, हें आपल्या जिल्ह्याला वेगळें सांगावयास नको. रत्नागिरीस वर्षाकाठीं सरासरीनें तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोंकण किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांचीं छपरें उडालीं. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीला महापूर येऊन चिपळूण शहर पाण्याखालीं गेलें. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ सालीं स्थापन झालेली संस्था. तिच्या ग्रंथालयांत पाणी शिरून पुष्कळ ग्रंथ भिजून गेले. २००५ च्या जुलैंतल्या पुराचा तडाखाहि ह्याच ग्रंथालयानें सोसला होता. छापील पुस्तक एका ठिकाणीं भिजलें तर दुसऱ्या गांवच्या ग्रंथालयांत त्याची प्रत मिळूं शकते. हस्तलिखिताला व घरच्या पत्रव्यवहाराला अशी दुसरी प्रत नसते. तेव्हां ज्या कागदाची जगांत एकच प्रत आहे त्याची दुसरी प्रत करणें, आणि ती पहिलीच्या शेजारच्या कपाटांत न ठेवतां दुसऱ्या गांवीं ठेवणें, हें पहिलें कर्तव्य ठरतें.

परंतु प्रती वाढल्या कीं पाठ फांटतात, हा अनुभवहि आपल्या भाषेला फार जुना आहे. शके १२१२ मध्यें सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती पुढें हातोहात उतरल्या गेल्या, आणि सुमारें तीनशें वर्षांत त्यांत इतके फरक शिरले कीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथमहाराजांना तिचें शुद्धीकरण हातीं घ्यावें लागलें. आपल्याच काळाच्या जवळचें उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें. तेथें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते. हें काम १९६६ सालीं पुरें झालें आणि त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें तपासलीं गेलीं. एकदां पाठ फांटले म्हणजे त्यांचा मेळ घालण्यास किती माणसांचें आयुष्य खर्चीं पडतें, हें ह्यावरून ध्यानांत येईल. मेळ रोजच्या रोज घातला तर तें काम कांहीं क्षणांचें असतें. तीनशें वर्षांनीं घातला तर तें पिढ्यांचें होतें.

आतां हा रोजचा मेळ घालणाऱ्या साधनांकडे वळूं. प्रथम हीं साधनें ज्या भूमीवर चालतात तिची ओळख करून घेतली पाहिजे. १९६९ सालीं अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्या वंशांतल्या व तिच्या वळणावर बांधलेल्या प्रणाली आज सर्वत्र आहेत. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्डस ह्या विद्यार्थ्यानें सुरू केलेली लिनक्स ही तींपैकींच. ती विनामूल्य मिळते आणि दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरहि बहुधा सुखानें चालते. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांची प्रणालीहि युनिक्सच्याच घराण्यांतली. आपल्या हातांतल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे. ह्या सर्वांत फाइली एका मुळापासून फुटलेल्या फांद्यांसारख्या मांडलेल्या असतात, प्रत्येक फाईल कोणी वाचावी व कोणी लिहावी ह्याची नोंद असते, आणि वेळ ही १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत मोजली जाते. ह्या शेवटच्या गोष्टीमुळें रत्नागिरींत सकाळ आणि अमेरिकेंत रात्र असली तरी दोन्ही यंत्रांच्या हिशोबीं तो क्षण एकच ठरतो. आमच्या तिघांपैकीं काकांकडे लिनक्सचा जुना संगणक, पुतणीकडे मॅक व चुलतबंधूंकडे दुसरा लिनक्सचा संगणक असला, तरी तिघांना एकच साधन वापरतां येतें तें ह्या कुळाच्या साम्यामुळेंच.

ह्या साधनांपैकीं सर्वांत प्रसिद्ध ‘आरसिंक’ हें होय. अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास ह्या दोघांनीं तें ऑस्ट्रेलियांत लिहिलें व जून १९९६ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यामागची रीत ट्रिजेल ह्यांनीं पुढें कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठाला सादर केलेल्या आपल्या प्रबंधांत मांडली. ती रीत शाळेच्या भाषेंत सांगतों.

समजा, एका मोठ्या नोंदवहीची नवी प्रत रत्नागिरीस आहे व जुनी पुण्यास. बदल फार तर दहा ओळींचा आहे. पण तो कोठें आहे हें ठाऊक नाहीं. सगळी वही पुन्हां पाठविली तर वेळ व पैसा दोन्ही खर्च होतात. म्हणून पुण्याचें यंत्र आपल्या जुन्या वहीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतें आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन बेरजा काढतें. पहिली बेरीज सोपी, झटकन होणारी. दुसरी कठीण, पण फसवणूक न होऊं देणारी. ह्या बेरजांची यादी तेवढी रत्नागिरीस जाते. रत्नागिरीचें यंत्र नवी वही वाचीत जातें आणि यादींतल्या कोणत्या तुकड्याशीं जुळणारा मजकूर आपल्याकडे आहे तें पाहतें. जुळला तर पुण्याला एवढेंच कळवितें कीं, ‘येथें तुमचा सतरावा तुकडा ठेवा’. न जुळला तर तेवढाच नवा मजकूर पाठवितें.

येथें वर्गांतला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, ‘गुरुजी, वहीच्या आरंभींच एक अक्षर वाढलें तर पुढचे सगळेच तुकडे एकेका अक्षरानें सरकतील, मग एकहि जुळणार नाहीं.’ शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर हेंच ह्या रीतीचें मर्म आहे. रत्नागिरीचें यंत्र तुकड्यांच्या ठराविक सीमांवर अडून बसत नाहीं. तें एकेक अक्षर पुढें सरकत प्रत्येक जागेवरून बेरीज काढून पाहतें. प्रत्येक वेळीं सगळी बेरीज नव्यानें करावी लागली असती तर हें काम कधींच संपलें नसतें. पण ती सोपी बेरीज अशी योजली आहे कीं, मागें पडलेलें अक्षर वजा करावें आणि पुढें आलेलें मिळवावें, कीं नवी बेरीज तयार. सोपी बेरीज जुळली तरच कठीण बेरीज करून खात्री करावयाची. त्यामुळें आरंभीं एक अक्षर वाढलें तरी पुढचे सर्व तुकडे आपापल्या नव्या जागीं ओळखले जातात.

ह्या रीतीचा लाभ लेखी मजकुरांत व हिशोबांत सर्वांत अधिक. घट्ट दाबून लहान केलेल्या फाइलींत एक अक्षर बदललें कीं पुढचें सगळेंच रूप पालटतें, त्यामुळें तेथें बचत थोडी. मात्र जी फाईल मुळींच बदललेली नाहीं ती आरसिंक उघडूनहि पाहत नाहीं; आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ ह्या दोन गोष्टी जुळल्या कीं तिला सोडून पुढें जातें. म्हणून प्रती करतांना मूळची वेळ तशीच राखणारा पर्याय निवडावा. तसेंच यंत्राचें घड्याळ बरोबर असावें. जुन्या संगणकांतली लहान बॅटरी संपली म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो एकदम कित्येक वर्षें मागें जातो, आणि त्यानें लिहिलेल्या नोंदींच्या वेळा निरर्थक होतात.

वीज जाण्याची गोष्ट निघालीच आहे तर हेंहि सांगून टाकतों. आरसिंक नवी फाईल प्रथम तात्पुरत्या नांवानें लिहितें आणि ती पुरी झाल्यावरच जुनीच्या जागीं ठेवतें. त्यामुळें आषाढांतल्या रात्रीं मध्येंच वीज गेली तरी जुनी प्रत अर्धवट होऊन बसत नाहीं. वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हां दिली कीं उरलेलें काम पुढें चालूं होतें. दोन यंत्रांमधला प्रवास ‘एसएसएच’ नांवाच्या कुलुपबंद मार्गानें होतो. तो मार्ग १९९५ सालीं फिनलंडांतल्या टाटू इलोनेन ह्यांनीं काढला. वाटेंत कोणी मजकूर वाचूं शकत नाहीं.

परंतु आरसिंक ही एकमार्गी वाट आहे. एक बाजू मूळ व दुसरी नक्कल असें त्यांत गृहीत असतें. मूळांत जें नाहीं तें नकलेंतूनहि काढून टाकावयाचें असेल तर ‘डिलीट’ हा पर्याय द्यावा लागतो. आणि दिशा उलटी पडली, म्हणजे रिकाम्या बाजूला मूळ म्हटलें गेलें, तर भरलेली बाजू आज्ञाधारकपणें रिकामी होते. ह्यावर उपाय त्याच साधनांत आहे. ‘ड्राय-रन’ असा पर्याय दिला तर तें प्रत्यक्ष कांहीं न करतां, काय करणार आहे त्याची यादी तेवढी दाखवितें. ती यादी वाचल्यावांचून खरी आज्ञा देऊं नये, हा नियम प्रत्येकानें स्वतःला घालून घ्यावा. आज्ञेंत मूळ फोल्डराच्या नांवापुढें तिरकी रेघ देणें न देणें ह्यानेंहि फरक पडतो. रेघ दिली तर फोल्डराच्या आंतल्या वस्तु जातात. न दिली तर फोल्डरच उचलून दुसऱ्या फोल्डरांत ठेवला जातो, आणि दप्तरांत दप्तर दिसूं लागतें.

आमच्या तिघांचें काम मात्र एकमार्गी नाहीं. काका लिहितात, पुतणी लिहिते, चुलतबंधुहि लिहितात. येथें दुमार्गी साधन हवें. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक बेंजामिन पियर्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं रचलेलें ‘युनिसन’ हें त्या जातीचें. दुमार्गी मेळाची खरी अडचण काय आहे ती पाहा. काकांच्या संगणकावर ‘शाखा-चार’ नांवाची फाईल आहे, पुतणीच्या संगणकावर नाहीं. ह्याचा अर्थ काय? काकांनीं ती नवी लिहिली, कीं पुतणीनें ती काढून टाकली? दोन्ही बाजूंची आजची स्थिति कितीहि बारकाईनें पाहिली तरी ह्या प्रश्नाचें उत्तर मिळणार नाहीं. त्यासाठीं तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे स्मृति. मागच्या वेळीं दोन्ही प्रती जुळल्या होत्या तेव्हां ही फाईल होती कीं नव्हती? होती, तर पुतणीनें ती काढली. नव्हती, तर काकांनीं ती नव्यानें लिहिली. युनिसन प्रत्येक मेळाच्या शेवटीं ही स्मृति दोन्ही यंत्रांवर नोंदवून ठेवतें. म्हणून ज्या बाजूला बदल झाला तिच्याकडून दुसरीकडे तो नेणें त्याला जमतें; आणि दोन्ही बाजूंना एकाच फाइलींत बदल झाला असेल तर तें थांबतें व विचारतें.

युनिसनविषयीं एक व्यावहारिक सूचना. पुष्कळ वर्षें ह्या साधनाला दोन्ही टोकांस जुळणारी आवृत्ति लागे. एका संगणकावर नवी व दुसऱ्यावर जुनी असली तर तीं बोलेनात. २०२२ सालच्या २.५२ ह्या आवृत्तीपासून ही अडचण बरीच दूर झाली आहे. ज्यांच्याकडे त्याहून जुनी आवृत्ति असेल त्यांनीं दोन्हीकडे एकदमच बदल करावा.

तिसरें साधन ‘सिंकथिंग’. स्वीडनच्या याकोब बोर्ग ह्यांनीं तें २०१३ च्या अखेरीस प्रथम लोकांपुढें ठेवलें. दोनच नव्हे तर अनेक यंत्रांचा मेळ तें सतत, आपण न सांगतां, पाठीमागें घालीत राहतें. मध्यें कोणत्याहि कंपनीचें कोठार नसतें. प्रत्येक यंत्राला स्वतःचा लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि तो दोन्ही बाजूंनीं मान्य केल्यावांचून देवघेव सुरू होत नाहीं. दोन यंत्रांची थेट गांठ पडत नसेल तर मजकूर मध्यस्थ यंत्रावरून जातो, पण मध्यस्थाला तो उलगडत नाहीं. एकाच फाइलींत दोघांनीं बदल केला तर सिंकथिंग एकाची फाईल मूळ नांवानें ठेवतें आणि दुसऱ्याची ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असें नांव व तारीख जोडून शेजारीं ठेवून देतें. काढून टाकलेल्या व बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोयहि त्यांत आहे. ती मुद्दाम चालूं करावी लागते. ह्याचा मूळचा अँड्रॉइड फोनवरील अवतार २०२४ सालीं थांबला, तथापि इतरांनीं त्यापासून काढलेली शाखा उपलब्ध आहे. लिनक्स व मॅकवर तें पूर्ववत् चालतें.

श्रोतेहो, आतां एक गोष्ट खास आपल्या भाषेची. मराठी नांवाच्या फाइलींचा मेळ घालतांना जी अडचण येते ती इंग्रजी नांवांना सहसा येत नाहीं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्याची दिशा’, ‘गुऱ्हाळ’ ह्या शब्दांतला अर्धा रकार पाहा. संगणकाच्या पोटांत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, आणि हा अर्धा रकार दोन निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतो. एका रीतींत त्यासाठीं खालीं टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ व हलन्त चिन्ह वापरतात; दुसऱ्या रीतींत साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते भिन्न शब्द वाटतात. काकांनीं एका कळफलकावर व पुतणीनें दुसऱ्यावर ‘गुऱ्हाळ’ लिहिलें कीं एका फोल्डरांत एकाच नांवाच्या दोन फाइली दिसूं लागतात, आणि कोणती खरी ह्या विचारानें माणूस गोंधळून जातो.

जुन्या मॅक संगणकांत ह्यावर आणखी एक भर होती. त्यांची ‘एचएफएस प्लस’ नांवाची मांडणी टिंबाचा ‘ऱ’ फोडून साधा ‘र’ आणि वेगळें टिंब असा ठेवी. लिनक्स मात्र जसें नांव दिलें तसेंच ठेवतें. त्यामुळें एकच फाईल मॅकवर जाऊन परत आली कीं नव्या नांवाची ठरे. आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘आयकॉन्व्ह’ नांवाचा पर्याय आहे, तो दोन्ही लेखनांचें रूपांतर करून घेतो. पण मॅकबरोबर पुष्कळ वर्षें २००६ सालची २.६.९ ही जुनी आवृत्तीच येत असे, आणि तींत हा पर्याय नव्हता. ज्यांच्याकडे तसा संगणक असेल त्यांनीं नवी आवृत्ति निराळी बसवून घ्यावी.

दुसरी मर्यादा नांवाच्या लांबीची. लिनक्सवर फाइलीचें नांव २५५ बाइटांहून लांब असूं शकत नाहीं. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. नागरी अक्षराला, आणि काना, मात्रा, अनुस्वार ह्या प्रत्येक चिन्हालाहि, तीन लागतात. म्हणजे मराठींत सगळीं चिन्हें धरून ८५ चीच मुभा. मॅकवर मोजणी वेगळी असल्यामुळें तेथें लांब मराठी नांव सहज ठेवतां येतें, आणि तीच फाईल काकांच्या संगणकानें नाकारली कीं कारण कळत नाहीं. उलट इंग्रजी नांवांत, लिनक्स लहान व मोठ्या लिपींतलीं अक्षरें भिन्न मानतें आणि मॅक सामान्यतः एकच मानतो. तेव्हां केवळ अक्षराच्या आकारानें वेगळीं असलेलीं दोन नांवें मॅकवर एकमेकांवर पडतात. ह्या सर्वांवर साधा उपाय असा कीं नांव आंखूड असावें, आरंभीं साल, महिना व दिवस आंकड्यांत द्यावा, आणि सविस्तर वर्णन फाइलीच्या पोटांत लिहावें. दप्तराचे नियम पूर्वींच्या कारकुनांनीं घालून दिले ते उगीच नव्हते.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मेळ म्हणजे राखण नव्हे. चांगला बदल जितक्या तत्परतेनें सर्व प्रतींवर जातो तितक्याच तत्परतेनें वाईट बदलहि जातो. एका ठिकाणीं कोणाचा हात चुकून चारशें फोटो निघून गेले, किंवा एखाद्या दुष्ट प्रोग्रामनें सगळ्या फाइली कुलुपबंद केल्या, तर मेळ घालणारें साधन तें नुकसान प्रामाणिकपणें पुण्याला व अमेरिकेला पोंचवितें. तीन ठिकाणीं प्रती होत्या म्हणून आपण सुरक्षित आहों अशी समजूत असते. प्रत्यक्षांत ती तीन आरशांतली एकच वस्तु असते. म्हणून मेळाच्या जोडीला एक निराळी, दिनांकवार ठेवलेली एकमार्गी प्रत हवी. आरसिंकमध्यें त्यासाठीं ‘लिंक-डेस्ट’ हा उत्तम पर्याय आहे. दर रविवारीं नव्या तारखेचें फोल्डर होतें. त्यांत सगळें दप्तर दिसतें, पण जें बदललें नाहीं तें पुन्हां सांठविलें जात नाहीं, जुन्याकडेच बोट दाखविलें जातें. बावन्न आठवड्यांचीं बावन्न दप्तरें दिसतात. जागा मात्र एका दप्तरापेक्षां थोडीच अधिक लागते. ही तबकडी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. आणि महिन्यांतून एकदां तींतला एखादा कागद उघडून वाचावा. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणें म्हणजे न तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर गुण देणें होय.

शेवटीं पुन्हां आपल्या तिघांकडे येऊं. समजा, कुलवृत्तांताच्या एकाच पानावर काकांनीं व पुतणीनें एकाच दिवशीं काम केलें. त्या पानावर घराण्यांतल्या एका आत्याची नोंद आहे. काकांनीं जुन्या आवृत्तीप्रमाणें ‘कन्या एक’ एवढेंच ठेवून बाकीचा परिच्छेद आंखूड केला. पुतणीनें मात्र त्या आत्याचें नांव, जन्मसाल, बालवयांत आलेलें वैधव्य, आणि नंतर तिनें शिक्षिका होऊन दोन भावांचीं मुलें शिकविलीं, हें सर्व लिहिलें. रात्रीं मेळ घालणारें साधन चालूं झालें आणि त्यानें सांगितलें कीं, ह्या पानावर दोघांनीं बदल केला आहे, काय करूं?

येथें यंत्राची हद्द संपते, आणि तें आपली हद्द ओळखतें हा त्याचा मोठा गुण आहे. ‘जें उशिरा लिहिलें तें खरें’ असा नियम पुष्कळ लोक यंत्राला घालून देतात आणि निश्चिंत होतात. त्या नियमानें काकांनीं पांच मिनिटें उशिरां काम केलें एवढ्याच कारणानें एक बाई आपल्या कुळाच्या इतिहासांतून पुसली जाईल, आणि ती पुसली गेली हें कोणाला कळणारहि नाहीं. म्हणून अशा नियमावर कधींहि विसंबूं नये. दोन्ही पानें राखावीं, शेजारीं शेजारीं उघडावीं, आणि काकांनीं पुतणीला फोन करावा. त्या संभाषणांत कदाचित् काकांना ठाऊक नसलेली गोष्ट कळेल. कदाचित् पुतणीनें लिहिलेलें एखादें साल काकांजवळच्या पत्रावरून सुधारलें जाईल. मेळ घालावयाचा तो फाइलींचा. पण खरा निवाडा माणसांनींच करावयाचा असतो. एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती सगळ्यांत नवी प्रत निवडून नव्हे, तर प्रती ताडून व विवेक करून. आणि पुढें कोणी तींत आपली भर घालूं नये असेंहि बजावून ठेवलें.

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें. घरांतल्या एकमेव कागदांची दुसरी प्रत आजच करा आणि ती दुसऱ्या गांवीं ठेवा. एकटाच लिहिणारा असेल तर आरसिंक पुरें. दोन ठिकाणीं लिहिणें होत असेल तर युनिसन. अनेक यंत्रें असतील तर सिंकथिंग. फाइलींचीं नांवें आंखूड व एका रीतीचीं ठेवा. दिनांकवार प्रत निराळी राखा व ती उघडून पाहत जा. आणि जेथें यंत्र थांबून प्रश्न विचारतें तेथें घाईनें उत्तर देऊं नका. तो प्रश्न बहुधा आपल्याच घरांतल्या एखाद्या माणसाविषयीं असतो.

पावसाळा दरवर्षीं येतो. पेटींतले कागद पुष्कळ घरांत अजून पेटींतच आहेत. त्या पेटीला हात लावण्यास ह्या भाषणानें एखाद्या घरीं जरी चालना मिळाली, तरी आपण दिलेला वेळ सार्थकीं लागला असें मी समजेन.